विषारी वाफा आणि मुखपट्टीची मर्यादा

विशाखापट्टणम येथील एलजी पॉलिमर्सच्या कारखान्यातून ७ मे २०२० रोजी पहाटे स्टायरीनची वाफ बाहेर पडली. १२ जण मृत्युमुखी पडले आणि शेकडो ग्रामस्थांना रुग्णालयात दाखल करावे लागले. करोनाचा तो काळ होता, मुखपट्टी घरोघरी पोहोचलेली होती. तरीही त्या पहाटे तिचा उपयोग होण्यासारखा नव्हता. मुखपट्टी कण अडवते, वाफ अडवत नाही.

एन-९५ प्रकारची मुखपट्टी ०.३ मायक्रॉन आकाराचे किमान ९५ टक्के कण रोखते. वाफेचा रेणू त्याहून शेकडो पटींनी लहान असतो. ओल्या फडक्याचाही भरवसा सार्वत्रिक नाही. भोपाळमध्ये १९८४ साली पसरलेल्या मिथाइल आयसोसायनेटची पाण्याशी अभिक्रिया होते, त्यामुळे तेथे ओले फडके काही अंशी उपयोगी ठरू शकत होते. स्टायरीन मात्र पाण्यात जेमतेम विरघळते.

वाफ चाळून वेगळी काढता येत नाही. तिला धरून ठेवणारा पृष्ठभाग लागतो. पहिल्या महायुद्धात विषारी वायूंपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांत कोळसा वापरला गेला, तो याच कारणाने. सक्रिय केलेल्या एक ग्रॅम कोळशातील सूक्ष्म छिद्रांचा पृष्ठभाग सुमारे एक हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे जमिनीएवढा भरतो. मात्र दाण्याच्या रूपातील कोळशात रेणूला आतल्या छिद्रांपर्यंत वाट काढत जावे लागते. व्हिस्कोस रेयॉनसारख्या धाग्याचे उच्च तापमानाला कार्बनमध्ये रूपांतर करून तो सक्रिय केला, तर छिद्रे थेट तंतूच्या पृष्ठभागावरच उघडतात आणि वाफ कितीतरी वेगाने शोषली जाते. शिवाय हे कापडच असल्याने ते कापता येते, शिवता येते. ब्रिटनमधील पोर्टन डाउन येथे असे कापड १९७० च्या दशकात तयार झाले. भारतात संरक्षण संशोधन व विकास संघटनेने सैनिकांसाठी विकसित केलेल्या रसायनरोधक पोशाखांतही सक्रिय कार्बनचा थर असतो. कच्च्या मालाचीही वानवा नाही. मध्य प्रदेशातील नागदा येथे १९५४ पासून व्हिस्कोस तंतूचे उत्पादन होते.

मग हे तंत्र सैनिकापाशीच का थांबले? दाण्यांच्या तुलनेत तंतू महाग पडतो, हे एक कारण आहेच. परंतु वाफेचा प्रश्न आपल्या सार्वजनिक चर्चेतच नीटसा आलेला नाही, हे अधिक महत्त्वाचे. २००९ च्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता मानकांत १२ प्रदूषकांची नोंद आहे. त्यांत बेन्झीनसाठी वार्षिक सरासरी ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर ही मर्यादा घातलेली आहे. मात्र २०१५ पासून जाहीर होणारा हवा गुणवत्ता निर्देशांक आठच प्रदूषकांवर बेतलेला असून त्यांत बेन्झीन नाही. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाची उद्दिष्टेही कणांच्याच भाषेत मांडलेली आहेत. जे मोजून फलकावर दाखवले जात नाही, त्यावरच्या उपायाला मागणी तरी कोठून येणार?

त्याची किंमत मोजावी लागते ती रंगारी, छपाई कामगार, पेट्रोल पंपावरील कर्मचारी आणि आग्र्यातील पादत्राणांच्या लहान कारखान्यांत खळ लावणारे कारागीर यांना. विद्रावकाची वाफ आणि धुळीची पट्टी, अशी ही विजोड जोडी आहे. किंबहुना सुरक्षित असल्याचा समज पट्टीमुळे निर्माण होतो, तोच अधिक घातक.

कार्बनच्या कापडालाही मर्यादा आहेत. दमट हवेत पाण्याची वाफ छिद्रे व्यापून टाकते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात त्याची क्षमता घटते. कार्बन मोनॉक्साइड त्यात अडकत नाही. विशाखापट्टणमला झोपेत असलेल्या गावकऱ्यांना तर कोणतेही कापड वाचवू शकले नसते. तेथे साठवण टाकीची निगा हाच उपाय होता. कारखान्यात वाफ बंदिस्त ठेवणे आणि वायुवीजन यांचा क्रम आधी, मुखवट्याचा शेवटी लागतो.

तंतूचा खरा लाभ कदाचित यंत्रांतच आहे. तो विद्युतवाहक असल्याने प्रवाह सोडून तापवता येतो, अडकलेले विद्रावक परत मिळते आणि कापड पुन्हा वापरता येते. लहान कारखानदाराला ही बचत समजावून सांगता येईल. मुखवट्यात मात्र कापड भरले की ते मुकाट्याने वाफ सोडू लागते, बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणूनच तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने मुखवटे किती वाटले हे विचारण्याआधी, त्यांतील कार्बनचा थर शेवटचा कधी बदलला याची नोंदवही मागायला हवी.