अमेरिकन फुटबॉलची किक आणि कबड्डीची तिसरी चढाई

कोऱ्हाळे बुद्रुकहून बारामतीला कॉलेजला येणाऱ्या कुणालाही 'डू ऑर डाय रेड' समजावून सांगावी लागत नाही. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर चढाईपटू बाद. नुसता वेळ काढणाऱ्यांना नियमानं कामाला लावलं. अमेरिकेतली व्यावसायिक फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएल, २०२४ पासून नेमकं हेच करतेय. तिथं दुखणं होतं किक-ऑफचं.

आपल्याकडचा फुटबॉल डोक्यातून काढा. हा खेळ अंडाकृती चेंडूचा आणि बराचसा हाताचा. पण सामना सुरू होतो किकनं, आणि कुणी गुण मिळवले की पुन्हा किक. समोरचा संघ चेंडू झेलून पळतो. पूर्वी दोन्हीकडचे गडी लांबून सुसाट धावत येऊन एकमेकांवर आदळायचे. डोक्याला मार बसायचा, मेंदूच्या दुखापती व्हायच्या. म्हणून चेंडू शेवटच्या पट्ट्यात गेला की न पळता तो पुढे आणून ठेवायची सोय, 'टचबॅक', हळूहळू आकर्षक केली गेली. परिणाम? फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये एकही किक-ऑफ परत पळवली गेली नाही. किक मारायची, जाहिरात बघायची, बस्स!

मग नियम बदलला. आता किक मारणारा एकटा लांब, स्वतःच्या ३५ यार्डांवर. त्याचे बाकीचे दहा जण पलीकडच्या ४० यार्डांच्या रेषेवर, प्रतिस्पर्ध्यांच्या अगदी समोर. चेंडू खाली पडेपर्यंत किंवा कुणी झेलेपर्यंत त्यांनी हलायचं नाही. धडक होते, पण लांबून वेग घेऊन नाही. तरीही पहिल्या वर्षी संघ टचबॅकच घेत राहिले. २०२५ मध्ये टचबॅकची जागा ३० वरून ३५ यार्डांवर आणली. पाच यार्ड, म्हणजे जेमतेम साडेचार मीटर! तेवढ्यानं हिशेब फिरला. आता जोरात मारणं तोट्याचं, म्हणून किकर चेंडू मुद्दाम वेडावाकडा, टप्पे खाणारा मारू लागले. ताकदीपेक्षा डोकं महाग झालं.

माझी शंका एवढीच: एका धावेमागची जोखीम कमी झाली असेलही, पण धावाच कितीतरी वाढल्या. मग एकूण दुखापतींचं काय? सुरक्षिततेचं बोलताना लीग हा गुणाकार सोयीनं बाजूला ठेवते, असं वाटतं.

दुसरी किक फील्ड गोलची. साडेअठरा फूट रुंद खांबांमधून चेंडू पार केला की तीन गुण. नोव्हेंबर २०२५ मध्ये जॅक्सनव्हिलच्या कॅम लिटलनं ६८ यार्डांवरून गोल केला. म्हणजे ६२ मीटर. कितीतरी क्रिकेट मैदानांत एवढ्यात सिक्सर जातो. पूर्वी किकर सरळ धावत येऊन बुटाच्या टोकानं मारायचे. हंगेरीत जन्मलेल्या पीट गोगोलाकनं १९६४ मध्ये व्यावसायिक फुटबॉलमध्ये सॉकरसारखं तिरकं येऊन पायाच्या वरच्या भागानं मारायला सुरुवात केली आणि जुनी पद्धत हळूहळू संपली. टेकलेला पाय चेंडूच्या शेजारी, नजर खाली, कंबर फिरलेली, चेंडूची शिवण लक्ष्याकडे. आणि हे सगळं चेंडू मागे आल्यापासून साधारण सव्वा सेकंदात. २०२५ पासून संघांना किकचे चेंडू आधीपासून वापरून मऊ करता येतात. विक्रम पायाचा की चेंडूचा, यावर वाद चालू आहे.

यात आपलं काय? आहे ना. भारतात याच खेळाची लीग निघाली आणि २०१२ मधलं पहिलं विजेतेपद पुणे मराठाजनं मिळवलं. पुढे ती लीग काही टिकली नाही. मग ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्याच मुंबईत ऑलिंपिक समितीचं अधिवेशन झालं. क्रिकेटच्या आनंदात कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही, पण त्याच दिवशी २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी फ्लॅग फुटबॉललाही मंजुरी मिळाली. पाच-पाच जण, टॅकल नाही, कमरेची फीत ओढली की डाव थांबला. आणि किक? अजिबात नाही.

म्हणजे पायात जोर असलेल्या पोराला ऑलिंपिकमधला हा दरवाजा बंद. त्याला एनएफएलचीच वाट धरावी लागेल. आयर्लंडचा चार्ली स्मिथ, गेलिक फुटबॉलचा गोलरक्षक, लीगच्या परदेशी खेळाडूंच्या योजनेतून २०२४ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या संघात पोचला. पण त्याच्यामागे लहानपणापासूनची किकची सवय होती. आपल्याकडे ती संस्कृती नाही, तेव्हा कुणी 'किकिंग अकादमी'ची फी मागितली तर आधी दहा प्रश्न विचारा. उलट कमरेला हुलकावणी देऊन निसटणं, हात चुकवणं हे कबड्डी आणि खो-खोतल्या पोरापोरींना आधीच येतं. फ्लॅग फुटबॉल महिलांचाही आहे, आणि फीत ओढायला येणाऱ्याला चुकवणारी पोरगी तुमच्या कॉलेजच्या मैदानावर आजही सापडेल.