मुक्काम कुठे आहे?

मी प्रवासाला निघाले की आई पहिला प्रश्न हाच विचारते. काय बघणार, किती दिवस, पैसे किती, हे सगळे नंतर. तिच्या आयुष्यात प्रवासाची ठिकाणे तीनच : सहा डिसेंबरला दादर, दसऱ्याला नागपूर, एक जानेवारीला भीमा कोरेगाव. भाकरी-चटणी बांधून घ्यायची, शिवाजी पार्कच्या मंडपात सतरंजी टाकून रात्र काढायची, वस्तीतला जो कार्यकर्ता पुढे चालेल तोच आपला गाईड. त्या गर्दीत तिला कुणी आडनाव विचारले नाही. पैसे भरून, ओळखपत्र गळ्यात अडकवून स्मारके बघायला जाणारी आमच्या घरातली मी पहिली.

गेल्या हिवाळ्यात तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात माझे काम होते. ते संपल्यावर मी मराठी पर्यटकांची एक छोटी सहल जोडून घेतली. दोन दिवस, एक रात्र, तिरुचिरापल्लीहून सुरुवात. पहिल्या दिवशी गंगैकोंडचोळपुरम आणि दारासुरम, रात्री तंजावरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी बृहदीश्वर, राजवाडा, ग्रंथालय. पत्रकावर ‘चोळांची भव्यता, मराठ्यांचे तंजावर’ असे छापले होते. जेवण शुद्ध शाकाहारी, हे त्याहून मोठ्या अक्षरांत.

दिवस चांगला गेला, हे प्रामाणिकपणे सांगते. दारासुरमच्या मंडपाला दगडी चाके आणि घोडे आहेत, ते बघताना मी पीएचडी विसरले होते. गाईड मुलगा हुशार होता, दमत नव्हता. बसमध्ये गाण्यांच्या भेंड्या झाल्या, त्यात मी दोनदा जिंकले.

प्रश्न रात्री आला. ट्विन शेअरिंगमध्ये माझ्या वाट्याला एक निवृत्त बाई आल्या. बोलायला गोड. त्यांनी आडनाव विचारले. आडनावावरून काही कळेना, तेव्हा गाव विचारले. गावावरूनही कळेना, तेव्हा पीएचडीचा विषय विचारला. मी विषय सांगितला. बाई खाली जाऊन आल्या आणि दहा मिनिटांनी टूर मॅनेजर दारात उभे. म्हणाले, मॅडम, घोरण्याचा थोडा प्रॉब्लेम आहे, तुम्हाला वेगळी खोली देतो, जादा चार्ज नाही. कोण घोरते ते त्यांनी सांगितले नाही. आम्ही दोघीही अजून झोपलो नव्हतो.

मला सिंगल रूम फुकट मिळाली. मैत्रिणींना सांगितले तेव्हा त्या हसल्या, मीही हसले. हसू ओसरल्यावर जे उरले त्यासाठी हा लेख.

ऐतिहासिक स्मारकांबद्दल आपल्याकडे बोलणे होते ते बहुतेक दिवसाचे. कुणी बांधले, कुणी पाडले, कुणाचा अभिमान, कुणाची लेणी. हे वाद महत्त्वाचे आहेत, मीही घालते. पण स्मारकापर्यंत पोचायला रस्ता लागतो आणि रस्त्यात रात्र होते. रात्री पाणी लागते, भात लागतो, अंग टाकायला जागा लागते. दिवसा तिकीट काढणाऱ्या सगळ्यांना सारखे धरावे लागते. रात्री मात्र प्रत्येकाची जात शोधून काढता येते.

बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ आपण आत्मकथन म्हणून वाचतो. एकदा प्रवासवर्णन म्हणून वाचून बघा. त्यात १९३४ सालची एक सहल आहे. चळवळीतल्या सहकाऱ्यांनी फिरायला जाऊ म्हणून आग्रह धरला आणि वेरूळची बौद्ध लेणी बघायचीच असे ठरले. नाशिकहून तीसेक माणसे बस आणि मोटारींतून निघाली. वाटेत दौलताबादचा किल्ला होता. सहलीचा कार्यक्रम त्यांनी मुद्दाम जाहीर केला नव्हता, कारण अस्पृश्य प्रवाशाला आडगावी काय सोसावे लागते ते त्यांना ठाऊक होते. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला, गोलमेज परिषदेत बसलेला माणूस आपल्याच देशातला किल्ला बघायला गुपचूप निघाला होता.

किल्ल्याच्या दाराबाहेर काठोकाठ भरलेला हौद होता. प्रवासाच्या धुळीने सगळे माखलेले. काहींनी हौदाच्या फरशीवर तोंड-हातपाय धुतले. दाराशी पोचतात तोच एक वृद्ध मुसलमान गृहस्थ ओरडत आले की धेडांनी हौद बाटवला. गर्दी जमली, शिव्या झाल्या. हिंदूंना अस्पृश्य असलेला माणूस मुसलमानांनाही अस्पृश्यच असतो, हे दाखवायला बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहिला आहे. शेवटी किल्ला बघायची परवानगी मिळाली ती एका अटीवर : आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. आणि सोबत एक हत्यारबंद शिपाई देण्यात आला. त्या सहलीचा गाईड तो.

दुसऱ्या दिवशी बृहदीश्वरासमोर उभी होते तेव्हा हा शिपाई डोक्यात होता. आमच्या गाईडने राजराज चोळ, १०१० साल, शिखराची उंची हे सगळे नीट सांगितले. मग आम्हाला नैऋत्येच्या भिंतीकडे नेले. तिथे सरफोजी दुसरे यांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख आहे. मुंबईपासून इतक्या लांब देवनागरीत मराठी बघून सगळ्यांचे चेहरे फुलले. खोली बदललेल्या बाईंनी माझ्याकडेच फोन दिला, फोटो काढायला. मी काढला. चांगला आला.

त्याच मंदिराच्या जोत्यावर राजराजाचे तमिळ लेख आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हुल्ट्झ यांनी ते इंग्रजी भाषांतरासह छापले, मी ते त्या भाषांतरातूनच वाचले. मंदिराला लावून दिलेल्या गावांची मोजणी त्यांत आहे. कोणत्या जमिनीवर सारा नाही त्याची यादी येते : गावठाण, देवळे, तळी, गावातून जाणारे पाट, परैच्चेरी, कारागिरांची वस्ती, स्मशान. परैच्चेरी म्हणजे परैयरांची वस्ती, आपल्या भाषेत महारवाडा. गावामागून गाव तेच शब्द येतात. हजार वर्षांपूर्वी गावठाण वेगळे आणि आपण वेगळे, हे दगडात कोरलेले आहे आणि त्यावर जागतिक वारसा म्हणून शिक्का आहे. दुसऱ्या एका लेखात मंदिरासाठी आणलेल्या चारशे स्त्रियांची यादी आहे. प्रत्येकीचे नाव, कोणत्या देवळातून आणली, कोणत्या गल्लीत कितवे घर. यांपैकी काहीच आम्हाला दाखवले नाही. गाईडला दोष देत नाही, त्याला जे पाठ करायला दिले ते त्याने पाठ केले. १९३९ साली मद्रास प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला आणि त्याच साली भोसले घराण्यातल्या वंशपरंपरागत विश्वस्तांनी हे मंदिर अस्पृश्यांना खुले केले. मराठी शिलालेखापुढे फुललेल्या चेहऱ्यांना हेही सांगायला हरकत नव्हती, तोही मराठी इतिहासच आहे.

मला बघायचे होते ते ओरत्तनाडु. कार्यक्रमात नव्हते. मी मॅनेजरांना विचारले, तर म्हणाले, तिथे बघण्यासारखे काय आहे? सहल संपल्यावर मी पट्टुक्कोट्टैकडे जाणारी बस पकडून एकटीच गेले. तंजावरहून तासाभराच्या आतले अंतर.

ओरत्तनाडुला सरफोजींनी बांधलेले मुक्तांबाळ छत्र आहे. मुक्तांबाळ राणी नव्हती, राजाची लग्नाशिवायची जोडीदार होती. मरताना तिने आपल्या नावे अन्नछत्र घाला असे मागितले, अशी हकीकत सांगतात. तंजावरहून रामेश्वरला जाणाऱ्या वाटेवर भोसल्यांची अशी बरीच छत्रे होती, बहुतेक राण्यांच्या नावांची. या छत्राचा दर्शनी भाग रथासारखा आहे, जोत्यात हत्ती आणि घोडे कोरलेले. इथे नुसते जेवण नव्हते. शाळा होती, औषधोपचार होते, पुढे विसाव्या शतकातही इमारतीचा उपयोग शिक्षणासाठी होत राहिला. मी गेले तेव्हा चुना झडला होता, वेली माजल्या होत्या, शाळेच्या गणवेशातली दोन पोरे सायकल टेकवून बसली होती. त्यांनी मला इंग्रजीत विचारले, कुठून आलात? महाराष्ट्र म्हटल्यावर एकजण म्हणाला, शिवाजी. दुसरा म्हणाला, आंबेडकर. त्यांच्यापैकी कुणालाही मी आडनाव विचारले नाही, पण मनात आले होते, हे कबूल करते.

या छत्रांविषयी सरफोजींचे १८०१ सालचे एक पत्र आहे. राज्य कंपनीच्या ताब्यात गेले होते आणि राजाची विनवणी अशी की निदान छत्रे माझ्याकडे राहू द्या. छत्रात काय चालते ते त्यात तपशिलाने येते. ब्राह्मणापासून परैयरापर्यंत कुणीही वाटसरू आला, जोगी, जंगम, फकीर आला, तर त्याला शिजवलेला भात मिळतो. आजारी पडला तर वैद्य आहे. वाटेत बाळंत होणाऱ्या बाईची सोय आहे. आणि ज्यांना शिजवलेला भात चालत नाही त्यांना कोरडा शिधा, मसाल्यासकट.

हे शेवटचे वाक्य मी छत्राच्या पायरीवर बसून पुन्हा पुन्हा आठवत होते. शिजवलेला भात कुणाला चालत नसेल? ज्याला शिजवणाऱ्याचा हात चालत नाही त्याला. छप्पर एक, दान एक, रांगा दोन. माझ्या फुकटच्या सिंगल रूमसारखेच. कुणाला हाकलले नाही, कुणाचा अपमान केला नाही, ज्याला शेजार नको त्याची मागणी निमूट पुरवली. सौजन्याने चालणारी जात अशीच दिसते, आणि विद्यापीठांत, ऑफिसांत आपल्या पिढीला ती बहुतेक वेळा अशीच भेटते. तक्रार करायला गेलो तर लिहायचे काय? जादा खोली दिली म्हणून?

तरीही सरफोजींना मी एका फटक्यात निकालात काढणार नाही. त्याच काळात पुण्यात पेशवे पर्वतीच्या रमण्यात दक्षिणा वाटत होते, ती फक्त ब्राह्मणांना. त्याच्याशेजारी परैयर वाटसरूला भात मिळतो असे राजाने लिहून देणे ही लहान गोष्ट नाही. पण तो भात कुठून आला? छत्रांना गावे लावून दिलेली असत, आणि कावेरीच्या खोऱ्यात चिखलात उतरणारे हात मुख्यतः पल्लर आणि परैयर वेठबिगारांचे. कायद्याने गुलामीची मान्यता काढली ती १८४३ साली, पण पन्नैयाळ म्हणून बांधलेल्या शेतमजुरांना संरक्षण देणारा कायदा थेट १९५२ चा. म्हणजे छत्रात परैयराला मिळणारा घास त्याच्याच माणसांनी पिकवलेला होता, आणि वाढणाऱ्याचे नाव इतिहासात गेले.

समाजशास्त्र शिकलेल्यांना याच जिल्ह्यातले आणखी एक मुक्कामाचे प्रकरण माहीत असेल. आंद्रे बेतेई यांचे ‘कास्ट, क्लास अँड पॉवर’ १९६५ साली आले, ते तंजावरच्या एका गावावर. ते राहिले अग्रहारात. त्यामुळे चेरीत मोकळेपणी जाता आले नाही, हे त्यांनी लपवलेले नाही. आम्हाला हे पुस्तक अभ्यासाला होते. वर्गात सिद्धांतावर तास गेले, रात्री कुठे झोपले यावर एक मिनिट नाही. माझ्या मते आईचा प्रश्न तिथे पद्धतिशास्त्राच्या पहिल्या तासाला लिहायला हवा होता.

आपल्या शिक्षणाचा इतिहासही मुक्कामाचाच आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहे काढली, कारण शाळा उघडून भागत नव्हते, गावाहून आलेल्या पोराला खोली कोण देणार होते? गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. वाटसरूची जागा विद्यार्थ्याची झाली. ओरत्तनाडुच्या छत्रातही तेच झाले. हा लेख वाचणाऱ्यांपैकी किती जण समाजकल्याणच्या वसतिगृहात राहून पदवीधर झाले असतील? आपण छत्राचीच मुले आहोत, म्हणून अशी इमारत पडायला आली की ती आपल्या वारशाच्या यादीत आधी यायला हवी.

सहलींना जाऊच नये असे मी म्हणत नाही. जावे, पैसे साठवून जावे. दारासुरमची चाके आपलीही आहेत, ती घडवणारे कारागीर कुठल्या वस्तीत राहत ते लेखातच लिहिले आहे. फक्त सहल आखणारे आपण असावे. आमच्या वसतिगृहातल्या अकरा मुलींनी येत्या डिसेंबरसाठी एक आखणी केली आहे. दोन दिवस, एक रात्र. पहिल्या दिवशी बृहदीश्वर, आणि तिथे परैच्चेरीचा उल्लेख असलेला लेख तमिळ वाचणाऱ्या एका मैत्रिणीकडून मोठ्याने वाचून घ्यायचा. मग ओरत्तनाडु. दुसऱ्या दिवशी, २५ डिसेंबरला, कीळवेण्मणी. १९६८ साली याच तारखेला तिथे मजुरी वाढवून मागणाऱ्या दलित शेतमजुरांची ४४ माणसे, बहुतेक बायका आणि मुले, एका झोपडीत जाळून मारली गेली. तेव्हा ते गाव तंजावर जिल्ह्यातच होते. महाडला मनुस्मृती जळाली तीही २५ डिसेंबरलाच, १९२७ साली.

बस ठरली आहे. आईही येते म्हणाली आहे, पोळ्या ती करणार. चोवीसच्या रात्रीचा मुक्काम अजून ठरायचा आहे. तंजावरकडे कुणाची ओळख असेल तर कळवा, बारा जणींना एकाच खोलीत चालेल.