रंग जांभळा, पण साइझ आपलीच

गेल्या मार्चमध्ये माझ्या भाचीने जेवता जेवता जाहीर केलं की तिला सायकल घ्यायची आहे. साधी नाही, कार्बनची ग्रॅव्हल बाइक, आणि तीही जांभळ्यातून नारिंगीकडे जाणाऱ्या रंगाची. फोनवरचा फोटो ताटांवरून फिरत फिरत माझ्या बाबांपर्यंत, म्हणजे तिच्या आजोबांपर्यंत पोचला. त्यांनी चष्मा वर करून किंमत बघितली, मग फोटो, मग पुन्हा किंमत.

"काऊन गं, भिलाईत राहून कोळशाची सायकल? लोखंड वाईट झालं का?"

त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. १९७० साली ते वर्ध्याहून इथे आले, प्लांटच्या रेल मिलमध्ये तपासणीच्या कामावर लागले आणि निवृत्त होईपर्यंत रूळच बघत राहिले. शिवाय या सायकलीसाठी मोडायची होती ती मुदत ठेव त्यांचीच. कार्बनची ग्रॅव्हल बाइक दोन लाखांच्या आतबाहेर सुरू होते आणि वर कुठे थांबेल ते सांगता येत नाही. ॲल्युमिनियमची त्याच्या निम्म्यात किंवा त्याहूनही कमी किमतीत मिळते. तेव्हा प्रश्न विचारायचा हक्क त्यांना होता, आणि उत्तरं शोधायची जबाबदारी नेहमीप्रमाणे आत्यावर, म्हणजे माझ्यावर आली.

आधी ग्रॅव्हल म्हणजे काय ते सांगते. छत्तीसगडमध्ये राहणाऱ्याला ते एका शब्दात कळतं: मुरूम. डांबर संपलं की सुरू होणारा तो लालसर, खडीचा रस्ता. रेसच्या सायकलीसारखं खाली वळलेलं हँडल, पण टायर रुंद, चाळीस मिलिमीटरच्या आसपास, गिअर हलके आणि ब्रेक डिस्कचे, अशी ही सायकल. अमेरिकेत कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावी २००६ पासून अशा रस्त्यांवरची मोठी शर्यत होते, आणि २०२२ पासून या प्रकाराची जागतिक स्पर्धाही भरते. आपल्याकडे मुरमावर सायकल चालवण्याला कोणी खेळ म्हणत नाही, शाळेला जाणं म्हणतात.

भिलाई सपाट आहे. इथे चढ म्हणजे रेल्वेचा ओव्हरब्रिज. पण भाचीला जायचं होतं घाटात. गंमत अशी की रायपूरहून जाणाऱ्या एकाच राष्ट्रीय महामार्गावर, क्रमांक ३० वर, दोन्ही टोकांना घाट आहेत: उत्तरेला कवर्ध्याच्या पुढे मैकल डोंगरातला चिल्फी आणि दक्षिणेला कांकेरच्या पुढे बस्तरचं दार उघडणारा केशकाल. केशकालची वळणं ज्यांनी बसच्या खिडकीतून पाहिली आहेत, त्यांना ट्रकांची ती रांग आठवत असेल. तेलीन सतीमातेच्या देवळापाशी ड्रायव्हर गाडी थांबवून हात जोडतात, ते उगीच नाही.

बाबांचा खरा प्रश्न तिथलाच होता. "उतारावर असताना हे वाकतं का तुटतं?"

रुळावर काम केलेल्या माणसाचा प्रश्न. पोलादाला धक्का बसला तर ते आधी पोचतं, वाकतं, इशारा देतं. कार्बनचं तसं नाही. एका कृत्रिम धाग्याला हवा न लागू देता हजार अंशांच्या वर तापवलं की केसाहून कितीतरी बारीक असे कार्बनचे तंतू उरतात. त्यांचे थरांवर थर इपॉक्सीत बसवून साच्यात पक्के करतात. ज्या दिशेने जोर येणार, त्या दिशेने तंतू. म्हणून पेडल मारताना फ्रेम ताठ राहते आणि खडबडीत रस्त्याची थरथर मात्र बरीच गिळते. चालवण्याचा जोर ती वर्षानुवर्षं सहन करते, उन्हाळ्याच्या पंचेचाळीस अंशांचंही तिला काही वाटत नाही. तिला त्रास होतो तो आडव्या घावाचा. सायकल दगडावर पडली, कोणी नळीच शिकंज्यात आवळली, किंवा कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने सवयीप्रमाणे सगळी ताकद लावून सीटचा बोल्ट कसला, की आत थर सुटू शकतात आणि वरून रंग जसाच्या तसा दिसतो. बोल्टशेजारी किती कसायचं ते छापलेलं असतं, बहुतेकदा चार-पाच न्यूटन मीटर. त्यासाठी टॉर्क पाना लागतो. हे ऐकून बाबा पहिल्यांदा खूश झाले. "म्हणजे मोजून कसायचं. मग ठीक आहे."

वजनाचा हिशेब मी त्यांच्यासमोरच मांडला. पोलादी ग्रॅव्हल बाइक साधारण अकरा किलोची, कार्बनची नऊच्या आसपास. फरक दोन किलो. पण घाट चढते ती एकटी सायकल नव्हे. पोरगी, सायकल, पाण्याच्या बाटल्या मिळून ऐंशी किलो धरले तर दोन किलो म्हणजे अडीच टक्के. तासभराच्या चढाला मिनिट-दीड मिनिट वाचणार. दीड मिनिटासाठी लाखभर रुपये जास्त?

भाची गप्प बसली. मग तिने नागपूरचे डॉ. अमित समर्थ काढले, ज्यांनी २०१७ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही शर्यत, म्हणजे अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतचा प्रवास, एकट्याने बारा दिवसांच्या मुदतीत पूर्ण केला. बाबा म्हणाले, "त्यांनी रंग बघून घेतली होती का?"

चढाला खरा फरक कशाने पडतो तर गिअरने, आणि नेमकं तेच दुकानात कोणी विचारत नाही. पुढच्या चक्राला चाळीस दाते आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला बेचाळीस असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे दोन मीटर दहा सेंटिमीटर सरकते. मिनिटाला साठ फेरे मारले तर वेग ताशी साडेसात किलोमीटर. साध्या रेसच्या सायकलीला पुढे चौतीस आणि मागे अठ्ठावीस असतात, तिला तेवढ्याच फेऱ्यांत नऊच्या वर जावं लागतं. सात टक्के चढावर हा फरक गुडघ्याला कळतो. सोपा नियम असा धरा, की मागचं सर्वांत मोठं चक्र पुढच्या सर्वांत लहान चक्राएवढं किंवा त्याहून मोठं हवं. त्याहून लहान असेल तर रंग कितीही गोड असो, घाटासाठी ती सायकल नाही.

दुसरं टायर. फ्रेममध्ये निदान पंचेचाळीस मिलिमीटरचा टायर बसायला हवा, भले तुम्ही चाळीसचा वापरा. कारण आपली माती. भाठ्याच्या मुरमावर काही अडत नाही, पण पावसानंतर कन्हार लागली की ती काळी माती टायरला लाडवासारखी चिकटते आणि फ्रेमच्या आत घासत राहते. कार्बनवर ही घासण वाईट. आतल्या बाजूला पारदर्शक पट्टी चिकटवून घ्यावी. बाभळीच्या काट्यांसाठी ट्यूबलेस टायर उत्तम, आतलं द्रव छोटी भोकं आपोआप बुजवतं. मात्र आपल्या उन्हाळ्यात ते लवकर सुकतं, दर दोन-तीन महिन्यांनी बघायला हवं. आणि एक ट्यूब पिशवीत असू द्यावीच. कारण हमरस्त्यावरच्या पंक्चरवाल्या भाऊंकडे पाण्याची पाटी आणि सोल्युशन असतं, ट्यूबलेसचं सामान नसतं. ब्रेक हायड्रॉलिक मिळाले तर घ्यावेत. केशकाल उतरताना बोटं आखडत नाहीत.

आता रंग. मी प्रामाणिकपणे सांगते, मला आधी वाटलं होतं की रंग शेवटी बघायचा असतो.

एका मोठ्या शहरातल्या दुकानात आम्ही तिघं गेलो. तोच जांभळा-नारिंगी तुकडा समोर टांगलेला. भाची त्याच्यावर बसली आणि हरखलीच. बाबा बाजूला उभे राहून बघत होते. "हिचे हात पूर्ण ताणलेत," ते म्हणाले. खरंच होतं. सायकल मीडियम होती, पोरगी पाच फूट दोन इंच. त्या रंगात स्मॉल शिल्लक नव्हती. दुकानदार म्हणाला, स्टेम छोटा करून देतो, सीट पुढे घेतो, मॅडम, सगळं बसतं. बसतं, पण कसं? सीट पुढे ओढली की गुडघे पेडलच्या फार पुढे जातात, स्टेम फार आखूड केला की उतारावर हँडल थरथरतं. थांबून उभं राहताना वरची नळी टोचते, ते वेगळंच. फ्रेमची साइझ ही चपलेच्या नंबरासारखी आहे, वर पट्टा आवळून नंबर बदलत नाही.

आम्ही न घेता परतलो. गाडीत भाची खिडकीबाहेर बघत होती. दुर्ग येईपर्यंत कोणी बोललं नाही.

मग बाबांनीच विषय काढला. प्लांटमध्ये लागले तेव्हा सायकलस्टँडवर सगळ्या सायकली काळ्या, चोवीस इंची, एकसारख्या. पाळी सुटली की हजारो माणसं एकदम बाहेर पडायची आणि आपली सायकल शोधायला वेळ जायचा. "मग मी मागचं मडगार्ड पिवळं रंगवलं. तुझी आजी चिडली होती, म्हणे सर्कशीतली दिसते. पण लांबून दिसायची. आणि रात्रपाळी करून आलं की ते पिवळं दिसलं म्हणजे बरं वाटायचं."

"मग आजोबा, रंग बघूनच घेऊ ना?" भाची म्हणाली.

"रंग बघून घे. पण स्मॉल घे."

त्यानंतर मीही रंगाकडे नीट बघितलं. एक गैरसमज काढून टाका: भडक फ्रेममुळे ट्रकवाल्याला तुम्ही दिसता, असं नाही. मागून फ्रेम दिसतेच किती? दिसतो तुमचा शर्ट, दिवा आणि वरखाली होणारी पावलं. म्हणून घोट्यावर चमकणारी पट्टी हवी. पण रंगाचे दुसरे उपयोग आहेत. फिकट, सपाट रंगावर केसाएवढी भेग लवकर नजरेत येते, गडद किंवा नक्षीदार रंगात ती लपते. मॅट फिनिश फोटोत छान, पण आपली लाल धूळ आणि ग्रीसचे डाग त्यात मुरतात. चकचकीत फ्रेम ओल्या फडक्याने पुसून निघते. निऑन रंग उन्हात विटतात, तेव्हा सायकल गॅलरीत उन्हात ठेवणार असाल तर ते टाळा. आणि रंग आवडला तर पोरं पहाटे पाचला उठतात, हे मात्र मी स्वतः पाहिलं आहे.

अडीच महिने थांबलो. शेवटी आली ती स्मॉल, कार्बनची, पुढची अर्धी फिकट पोपटी आणि मागे कोरल, चकचकीत. जांभळी नाही. ॲल्युमिनियमची फ्रेम आणि कार्बनचा पुढचा फोर्क, असा मधला मार्ग मी सुचवला होता आणि पैसे मोजून वापरणाऱ्या घराला तो मी आजही सुचवेन, कारण थरथर हाताला लागते ती पुढूनच. पण बाबांनी ठेव आधीच मोडली होती. "एकदाच घेणार ती," एवढंच म्हणाले. एका अटीवर: टॉर्क पाना त्यांच्याकडे राहील आणि बोल्टला दुसरं कोणी हात लावणार नाही.

दिवाळीनंतर ती चिल्फीला जाऊन आली. कवर्ध्यापर्यंत गाडीने, पुढे सायकलने. दोनदा थांबली, एकदा चहासाठी आणि एकदा दमून. उतरताना मुरमाच्या कडेला घसरून पडली, कोपर खरचटलं. घरी आल्यावर आम्ही सगळे कोपर बघत होतो. बाबा एक रुपयाचं नाणं घेऊन सायकलीपाशी खाली बसले.

ते नाणं नळीवर टिचकीसारखं मारत पुढे सरकत होते, दर बोटभर अंतरावर. कार्बन शाबूत असेल तर आवाज टणक आणि सारखा येतो, आत थर सुटला असेल तिथे तो बद्द होतो. ही युक्ती सायकलवाल्यांची आहे, पण तपासणीत आयुष्य गेलेल्या माणसाला ती शिकवावी लागली नाही. शंका आली तर जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय चालवायची नाही, हेही त्यांनी तिला बजावलं. त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी हा कार्यक्रम असतो. टीव्ही बंद, मिक्सर बंद, कोणी बोलायचं नाही.

परवा मी विचारलं, "बाबा, काही ऐकू येतंय का?"

"सगळं टणक आहे," म्हणाले, आणि कोरल रंगावरची धूळ पुसायला फडकं मागितलं.