रंग काय भाड्याने आणलेत?

लाल रंग म्हणजे काय, असं एखाद्या ग्राफिकल इंटरफेस लिहिणाऱ्याला विचारलंत तर तो सांगेल: २५५, ०, ०. तीन आकडे. बस्स. आता त्याच माणसाला विचारा, की हा लाल वापरून झाला की तू त्याचं काय करतोस? तो जर जावामध्ये एसडब्ल्यूटी वापरत मोठा झाला असेल तर न चाचरता म्हणेल, "डिस्पोज करतो." म्हणजे परत करतो. कोणाला? "ऑपरेटिंग सिस्टिमला." बरं, पण तिने तुला दिलं काय होतं? इथे शांतता.

आजचा लेख या शांततेवर आहे. मंडळी, आपल्या धंद्यात असे बरेच विधी आहेत ज्यांचं कारण मरून गेलंय पण विधी चालू आहे, आणि रंगांची साठवण हा त्यातला माझ्या मते सगळ्यात मजेदार विधी. (मजेदार, जोपर्यंत तो दुसऱ्याच्या प्रोजेक्टमध्ये आहे तोपर्यंत.)

ज्यांचा एसडब्ल्यूटीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. एक्लिप्स ज्या टूलकिटवर उभं आहे ते हे. आयबीएमने २००१ मध्ये एक्लिप्स खुलं केलं आणि त्याबरोबर हे टूलकिटही जगभर पसरलं, इतकं की त्याच्यावर बांधलेली डेस्कटॉप ॲप्लिकेशन्स आजही सांभाळावी लागतात. त्याचा पहिला नियम असा: जे तुम्ही बनवलंत ते तुम्हीच मोडायचं. फॉन्ट बनवलात, मोडा. इमेज बनवलीत, मोडा. आणि रंग बनवलात, तर तोही मोडा.

हे कुठून आलं ते बघण्यासारखं आहे. नव्वदच्या दशकात स्क्रीनची मेमरी महाग होती. १०२४ बाय ७६८ चा पडदा, दर ठिपक्याला एक बाइट धरली तरी ७६८ केबी. रंगाचे तिन्ही आकडे पूर्ण ठेवायचे तर तिप्पट. म्हणून बरीच यंत्रं एका बाइटवर भागवायची. एका बाइटमध्ये २५६ आकडे मावतात, म्हणून पडद्यावर एका वेळी २५६ रंग. कोणते २५६, ते एका तक्त्यात लिहिलेलं. युनिक्सवरच्या एक्स विंडोजमध्ये एखाद्या प्रोग्रॅमला नवा रंग हवा असला की सर्व्हरकडे मागायचा, सर्व्हर तक्त्यातलं एक घर द्यायचा, काम झालं की घर मोकळं करायचं.

समजा कार्यक्रमाला मांडववाल्याकडून मोजून २५६ खुर्च्या आणल्यात आणि पाहुणे त्यापेक्षा जास्त. उठलात की खुर्ची सोडा, हे सांगावंच लागतं. त्यात एखादं कुटुंब लवकर येऊन वीस खुर्च्यांवर रुमाल टाकून बसतं. त्या काळी हे कुटुंब म्हणजे नेटस्केप. ते आधी सुरू झालं की बाकीच्या प्रोग्रॅमना घरं उरायची नाहीत. त्यावर उपाय म्हणून नेटस्केपला स्वतःचा खासगी तक्ता देता यायचा, आणि मग माउस त्याच्या खिडकीत नेला की बाकी सगळ्या खिडक्यांचे रंग भुताटकी झाल्यासारखे बदलायचे. तेव्हा रंग परत करणं ही शहाणपणाची गोष्ट होती, यात वादच नाही.

आता विंडोजवर या. तिथे रंग म्हणजे ३२ बिटांचा एक आकडा, त्यात लाल, हिरवा, निळा कोंबलेले. एसडब्ल्यूटीच्या विंडोजच्या कोडमध्ये रंगाचा वर्ग उघडून पाहिलात तर (जुनी आवृत्ती पाहा) अगदी सरळ लिहिलं होतं: यंत्राला तक्ता असेल तर त्यातल्या घराचे वापरकर्ते मोजा. तक्ता नसेल तर परत फिरा, कामच नाही. म्हणजे चोवीस बिटांच्या पडद्यावर, जो लवकरच सगळ्यांकडे आला, डिस्पोज केल्याने काहीही मोकळं होत नव्हतं. फक्त जावाच्या त्या ऑब्जेक्टवर "मेला" असा शिक्का बसायचा.

लोक म्हणतील, पण त्या काळी दुसरा मार्ग कुठे होता? होता की. जावाच्याच जुन्या एडब्ल्यूटीमध्ये रंग १९९६ पासून साधा, न बदलणारा ऑब्जेक्ट आहे. बनवा आणि विसरा. क्यूटीने तर याच २५६ घरांच्या यंत्रांवर काम केलं. तिथे रंग ही साधी किंमत होती, आणि खरोखर रंगवायची वेळ आली की लायब्ररी आतल्या आत तक्त्यात घर घ्यायची. मागणाऱ्याला पत्ताही नसायचा. हार्डवेअर बदललं, २००५ मध्ये क्यूटी ४ आलं, आतलं ते प्रकरण काढून टाकलं गेलं आणि बाहेरच्या माणसाला फारसा फरक पडला नाही. ज्याचं दुखणं त्याने आपल्यापाशी ठेवलं म्हणून हे जमलं. एसडब्ल्यूटीने तेच दुखणं प्रत्येक ॲप्लिकेशन लिहिणाऱ्याच्या हातात दिलं.

एसडब्ल्यूटीवाल्यांची बाजूही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. त्यांचं म्हणणं, गार्बेज कलेक्टरच्या भरवशावर खऱ्या वस्तू सोडू नका. तो कधी येईल सांगता येत नाही, आणि येतो तो वेगळ्याच थ्रेडवर, जिथून पडद्याच्या वस्तूंना हात लावणं धोक्याचं. शंभर टक्के बरोबर. विंडोजवर एका प्रोसेसला डीफॉल्ट मर्यादा १०,००० जीडीआय ऑब्जेक्ट्सची. फॉन्ट आणि इमेज गळत राहिल्या की एक दिवस "नो मोअर हँडल्स" म्हणत ॲप्लिकेशन आडवं होतं, आणि तो दिवस नेमका डेमोचाच असतो. माझी तक्रार नियमावर नाही. पेन, ब्रश, फॉन्ट या वस्तू आहेत, त्यांना तो लागू आहे. रंग ही वस्तू नाही. एकसारखेपणाच्या हौसेपायी त्याला त्या रांगेत बसवलं.

आणि मग त्यावर आपण काय उभं केलं, ते बघा. परत करायचं लक्षात राहत नाही, म्हणून प्रत्येक प्रोजेक्टमध्ये एक कलर मॅनेजर. त्यात एक हॅशमॅप: तीन आकडे द्या, तयार रंग घ्या. याला म्हणायचं कॅश. (आमच्या आईला वाटतं मी बँकेच्या कॅशचं काहीतरी काम करतो. तसं असतं तर बरं झालं असतं.) आता जरा हिशोब करू. हॅशमॅपमध्ये शोधायला किल्ली लागते. किल्ली म्हणजे एसडब्ल्यूटीचा आरजीबी ऑब्जेक्ट, तीन आकड्यांचा. म्हणजे तीन आकड्यांचा एक ऑब्जेक्ट बनवायचा, कशासाठी, तर तीन आकड्यांचा एक ऑब्जेक्ट बनवणं वाचावं म्हणून! वर या आरजीबीचे तिन्ही आकडे सर्वांना उघडे, कोणीही बदलू शकतो, आणि त्याचा हॅश त्याच आकड्यांवरून निघतो. कोणी चुकून किल्लीतला निळा बदलला की ती नोंद मॅपमध्ये असते पण सापडत नाही. आणि हा कॅश रिकामा कोण करणार? बहुतेक ठिकाणी कोणीच नाही. एखाद्या आलेखात तापमानाप्रमाणे छटा बदलणारे रंग काढलेत की मॅप फुगत जातो. गळती थांबवायला आणलेली बादलीच गळती होते.

याहून वाईट म्हणजे रंग मरणं. कॅशमधला रंग दोन ठिकाणी वापरात असतो. एका ठिकाणचा सज्जन प्रोग्रॅमर, नियम पाळणारा, खिडकी बंद करताना रंग डिस्पोज करतो. दुसऱ्या ठिकाणी तोच रंग पार्श्वभूमीला लावायला गेलं की एक्सेप्शन: दिलेली किंमत ग्राह्य नाही. ऑपरेटिंग सिस्टिमला एक बाइटही परत मिळालेली नसताना समोरच्याचा पडदा कोसळला. हे टाळायला २००५ मध्ये एक्लिप्स ३.१ मध्ये जेफेसचे रिसोर्स मॅनेजर आले. रंगाऐवजी रंगाचं वर्णन द्या, कोण किती जण वापरतंय ते आम्ही मोजतो, शेवटचा उठला की आम्ही मोडतो. फार सुबक काम आहे, खोटं कशाला बोलू. इमेजसाठी मी स्वतः तेच वापरतो. पण रंगासाठी? नसलेल्या खुर्च्यांचा हजेरीपट.

शेवटी २०२० मध्ये एसडब्ल्यूटीनेच मान्य केलं. रंग डिस्पोज करायची गरज नाही. तो बनवायला डिस्प्लेही द्यावा लागत नाही, नुसते तीन आकडे पुरतात. जुना कोड मोडू नये म्हणून डिस्पोज ठेवलंय. करा किंवा करू नका.

विषय इथे संपायला हवा होता. पण कोड रिव्ह्यूच्या चेकलिस्टा कोण बदलतो? मी पाहिलेल्या एका टीममध्ये ही ओळ अजून आहे: "सर्व रंग कलर मॅनेजरमधूनच घेतले आहेत का?" नव्या मुलीने विचारलं, "का?" उत्तर मिळालं, "बेस्ट प्रॅक्टिस आहे." श्राद्धाच्या दिवशी मांजर टोपलीखाली झाकणाऱ्यांची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. इथे तर मांजर मरून वर्षं झाली आणि लोक दुसरं विकत आणून झाकतायत. आणि त्या मुलीच्या अप्रेझलमध्ये "रिसोर्स मॅनेजमेंट कच्चं" असं लिहिलं गेलं. प्रश्न बरोबर विचारल्याबद्दल.

हे नुसतं निरुपयोगी असतं तर मी शनिवार घालवला नसता. ते नडतं. त्याच ॲप्लिकेशनमध्ये ग्राहकाने डार्क थीम मागितली. (एक्लिप्सने स्वतः ती २०१४ मध्ये आणली, म्हणजे मागणी काही जगावेगळी नव्हती.) कलर मॅनेजरकडे सगळे रंग आकड्यांनी नोंदलेले. धोक्याची सूचना, खात्यातली उणे रक्कम आणि "हे भरणं आवश्यक आहे" चा तारा, तिन्ही जागी २५५, ०, ०. तिघांचा रंग एकच, ऑब्जेक्टही एकच, केवढी काटकसर! आता गडद पार्श्वभूमीवर धोका उजळ करायचा आणि तारा सौम्य, तर कोणता लाल कशासाठी हे सांगणारी माहितीच नाही. कॅशने ती कधी विचारलीच नव्हती. दोन फ्रेशर्सना बसवलं, त्यांनी एकेक फाइल उघडून, प्रत्येक लाल बघून, "हा कशाचा?" हे ठरवलं. तीन आठवडे. त्यांच्या हातून दोन जागा सुटल्या आणि काही दिवस काळ्यावर गडद निळी अक्षरं ग्राहकाच्या लोकांनी डोळे ताणून वाचली.

सांभाळायचं असेल तर नाव सांभाळा. जेफेसची कलर रजिस्ट्री नेमकं हे करते: "धोका-पार्श्वभूमी" असं नाव, त्यापुढे रंग, रंग बदलला की ऐकणाऱ्यांना निरोप. तिच्यातही जुन्या नियमाचा अवशेष होता. बदललेला जुना रंग अजून कोणाच्या तरी हातात असेल या भीतीने ती टाकून न देता शिळ्या रंगांच्या यादीत ठेवायची. पण तिचा हेतू बरोबर आहे. "मेमरी वाचते" म्हणून नव्हे, तर रंगाचा अर्थ एका जागी लिहिला जातो म्हणून ती वापरायची.

तेव्हा ज्यांच्याकडे आकड्यांवरून रंग देणारा कलर मॅनेजर अजून आहे आणि एसडब्ल्यूटी २०२० नंतरचं आहे, त्यांनी आधी त्याला बोलावणाऱ्या जागांना नावं द्यावीत, मग मॅप काढावा, मग चेकलिस्टमधली ती ओळ. याच क्रमाने, मॅप आधी काढलात तर नावं द्यायचं काम कधीच होणार नाही, मॅनेजर लोक "झालं ना आता?" म्हणून पुढच्या रिलीजकडे वळतील. फॉन्ट, इमेज आणि कर्सरच्या ओळी मात्र तशाच राहू द्या.