छात्रसेनेंतील चढाओढ

शर्यतींत पहिला कोण आला हें सांगावयास दहा जण पुढें येतात. शेवटीं कोण आला व तो कां मागें पडला, हें विचारणारा क्वचितच भेटतो. आमच्या जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या छात्रसैनिक पथकांमध्यें शारीरिक शिक्षणाच्या बाबतींत जी मैत्रीची चढाओढ चालते, तिच्याविषयीं चार शब्द लिहितांना आम्ही या शेवटच्या गड्याचीच बाजू मांडणार आहों. आमच्या शाळेंतून बाहेर पडणारे अनेक विद्यार्थी उद्यां या पथकांत दाखल व्हावयाचे आहेत. तेव्हां हा प्रश्न आम्हांस परका नाहीं.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस लष्करी शिक्षण देण्याची कल्पना आपल्या देशांत जुनी आहे. विद्यापीठांतून अशीं दलें उभारण्यास सन १९१७ सालीं आरंभ झाला, व १९४२ सालीं त्यांस अधिकारी-शिक्षण-दल असें नांव मिळालें. पुढें पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालीं १९४६ सालीं समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींवरून १९४८ सालीं कायदा होऊन राष्ट्रीय छात्रसेना जन्मास आली. दुसऱ्याच वर्षीं तींत मुलींचा विभागहि निघाला. आमच्या नगरास (सन २०२४ पासून अहिल्यानगरास) या विषयाचें अगत्य असावें हें स्वाभाविक आहे. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनीं येथें १९४७ सालीं अहमदनगर कॉलेज स्थापिलें, आणि दुसऱ्याच वर्षीं चिलखती दलाचें केंद्र व शाळा येथें आली. ज्या गांवांत रणगाड्यांचा आवाज व कॉलेजची घंटा एकाच वेळीं ऐकूं येते, तेथील तरुणांस कवायतीची गोडी लागावी यांत नवल तें काय?

चढाओढ ही वस्तु वाईट नव्हे. दहा दिवसांच्या वार्षिक छावणींत कवायत, रस्सीखेच, व्हॉलीबॉल, नेमबाजी यांचे सामने होतात. अमुक कॉलेजचें पथक पहांटे साडेपांचास मैदानावर येतें अशी वार्ता कानीं येतांच दुसरें पथक पांचास येऊं लागतें. जें काम वरिष्ठांच्या हुकुमानें होत नाहीं, तें शेजाऱ्याच्या ईर्ष्येनें होतें. हीच ईर्ष्या मोठ्या प्रमाणावर दिल्लीच्या प्रजासत्ताक दिनाच्या छावणींत दिसते. तेथें निरनिराळ्या राज्यांचीं संचालनालयें प्रधानमंत्री ध्वजासाठीं झटतात, व २०२२ सालीं तो मान महाराष्ट्रानें मिळविला.

परंतु या चढाओढींत एक दोष शिरूं पाहत आहे. दहा-बारा चपळ मुलें निवडावयाचीं, चांगले बूट त्यांनाच, शिक्षकाचें लक्ष त्यांच्याकडेच; बाकीच्यांनीं मैदानाच्या कडेस उभें राहून टाळ्या वाजवावयाच्या! ढाल मिळते, ती कपाटांत जाते, आणि पथक होतें तेथेंच राहतें.

एका मुलाची आठवण आम्हांस अद्याप बोंचते. तो पाथर्डीकडचा, आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडणीस जात, व तो मामाच्या घरीं राहून शिके. अंगानें किडकिडीत, पण पहांटेच्या हजेरीस कधीं चुकला नाहीं. पहिल्याच निवडींत तो मागें पडला. पुढें वर्षभर सोबत्यांचे बूट व पाण्याच्या बाटल्या सांभाळणें हेंच त्याचें शारीरिक शिक्षण झालें. आम्हीं विचारलें तेव्हां तो इतकेंच म्हणाला, “मला पळायचं होतं, पण माझी वेळ घ्यायला कोणी नव्हतं.” छात्रसेनेचें ‘सी’ प्रमाणपत्र चांगल्या श्रेणींत मिळविणाऱ्या पदवीधरास लेखी परीक्षेवांचून निवड मंडळापुढें जातां येतें, व तेथून चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीची वाट उघडते. खेड्यांतील गरीब मुलास याहून सरळ वाट कोणती? ती वाट आपणच ढालीच्या लोभानें अडवावी काय?

खुद्द लष्कराची रीत पाहा. निवड मंडळाच्या कसोट्यांत सामुदायिक अडथळ्यांची एक शर्यत असते. गटाच्या खांद्यावर सापासारखी एक लांब, जड गुंडाळी देतात. ती भुईस टेकूं द्यावयाची नाहीं, आणि गटांतील झाडून सारे गडी एक अडथळा ओलांडीपर्यंत पुढच्यास हात घालावयाचा नाहीं. जो गडी एकटाच उडी मारून पुढें पळतो, त्याच्या चपळाईचा तेथें कांहींएक उपयोग होत नाहीं. भिंतीवर बसून मागच्यास हात देणाराच गटास तारतो. शिवाय या मंडळापुढें अमुकच जागा असें बंधन नसतें. योग्य ठरल्यास साऱ्या गटाची शिफारस होऊं शकते, न ठरल्यास एकाचीहि होत नाहीं. अर्थात् चढाओढ सोबत्याशीं नसून आपल्याच उणीवेशीं असते.

म्हणून आमची सूचना अशी: पथकांच्या शर्यतींत निवडक गडी उतरवूं नयेत. सामन्याच्या सकाळीं हजेरीपटावरून चिठ्ठ्या टाकून नांवें काढावीं, आणि शेवटचा गडी रेषा ओलांडील ती पथकाची वेळ धरावी. असें झालें म्हणजे कोणाचें नांव निघेल हें ठाऊक नसल्यामुळें प्रत्येक महाविद्यालयास प्रत्येक छात्रसैनिक तयार करावा लागेल. आणि जिंकणाऱ्या पथकानें आपले दोन छात्रसैनिक आठवडाभर सर्वांत मागें राहिलेल्या पथकाकडे पाठवून आपली रीत शिकवावी. मैत्रीची चढाओढ ती हीच.

कोणी म्हणतील, यानें उत्तम धांवपटूंचें तेज मंदावेल. आमच्या मतें तसें होण्याचें कारण नाहीं. वैयक्तिक शर्यती आहेत तशाच राहाव्यात, तेथें त्यांनीं खुशाल पराक्रम गाजवावा. दुसरे म्हणतील, अशक्त मुलांवर ताण पडेल. हा आक्षेप मात्र विचार करण्याजोगा आहे. त्याचें उत्तर हें कीं, वैद्यकीय तपासणी आधीं व्हावी, तयारी जूनपासून हळूहळू वाढवावी, आणि आमच्याकडील मार्च-एप्रिलच्या उन्हांत कोणासहि पळवूं नये. एका आठवड्यांत घाईनें केलेली तयारीच घातक असते.

आमच्या हुतूतूच्या खेळांत बाद झालेला गडी सोबत्याच्या पराक्रमानें पुन्हां उठतो. हा नियम ज्यांनीं केला, त्यांस सांघिक खेळाचें मर्म ठाऊक होतें. उद्यां छात्रसेनेचा गणवेश अंगावर चढविणाऱ्या आमच्या विद्यार्थिमित्रांनो, पहिले या, अवश्य या. पण रेषा ओलांडल्यावर थांबून एकदां मागें पाहा. तुमचें पथक अद्याप यावयाचें आहे.