हार्ट सर्जरीत 'ब्युटी मोड' चालेल का?

ओपन हार्ट सर्जरीत छातीवर सोनोग्राफीचा प्रोब फिरवायला जागाच नसते. म्हणून तो अन्ननलिकेत सोडतात, हृदय तिथून अगदी लागून असतं. याला टीईई म्हणतात. व्हॉल्व्ह दुरुस्त झाला, हृदय परत धडधडायला लागलं, की गळती राहिली का ते यात बघतात. जास्त असेल तर पुन्हा दुरुस्ती.

चित्र बिघडण्याची कारणं मात्र साधीच असतात. पोटात हवा असली की ध्वनिलहरी अडतात, म्हणून ती नळीने ओढून काढतात. सर्जनने कॉटरी चालू केली की स्क्रीनभर कचरा. फ्रिक्वेन्सी वाढवा, बारकावे दिसतात पण खोलवरचं गायब. धातूच्या व्हॉल्व्हमागे तर काळी सावलीच, तिथे प्रोबचा कोन बदलावा लागतो.

आता यात एआय येतंय. छातीवरून इको काढताना प्रोब कसा हलवायचा हे सांगणाऱ्या सॉफ्टवेअरला अमेरिकेच्या एफडीएने 2020 मध्ये मान्यता दिली. हे मला पटतं, कारण त्याने मूळ सिग्नलच चांगला मिळतो. चित्र नंतर 'गुळगुळीत' करणं वेगळं. 2023 मध्ये सॅमसंगच्या चंद्राच्या फोटोंवरून झालेला वाद आठवतोय? धूसर चंद्रावर फोनने स्वतःच डिटेल भरले होते. चंद्राचं एक वेळ ठीक आहे, पण गळतीची बारीक रेघ नॉइज समजून पुसली तर? कच्चं चित्र बघायचं बटण ऑपरेशन थिएटरमध्ये तरी हवंच.