‘मिस करणे’ आणि करमणे

इंग्रजीतील काही क्रियापदे इतकी लहान व नित्याची असतात, की त्यांचा अर्थ आपणांस ठाऊक आहे असेच आपण धरून चालतो. ‘मिस’ हे त्यांपैकी एक होय. एका साध्या प्रसंगामुळे त्याविषयी चार शब्द लिहावेसे वाटले.

वसतिगृहातील एका लहान विद्यार्थ्याने गावी आपल्या आजीस चिठ्ठी पाठविली: ‘आजी, मी तुला फार मिस करतो.’ पुढे आजीबाई नातवास भेटावयास आल्या, तेव्हा मला बाजूस घेऊन हळूच विचारू लागल्या, ‘गुरुजी, हे मिस करणं म्हणजे काय हो? पोराला काही दुखतंखुपतं का?’ मी अर्थ सांगितला. क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, ‘मग आजी, तुझ्यावाचून करमत नाही, असं का नाही लिहिलं त्यानं?’ या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हते.

प्रथम शब्दच पाहू. शिक्षिकाबाईंस आपण ‘मिस’ म्हणतो, तो शब्द निराळा. तो ‘मिस्ट्रेस’ या शब्दाचा संक्षेप आहे. क्रियापदाचा जुना अर्थ नेम चुकणे हा होय, आणि उणीव भासण्याचा अर्थ त्याला मागाहून आला. आज बाण लक्ष्यास लागला नाही, पुणे स्टेशनावर सकाळची डेक्कन क्वीन मिळाली नाही, वर्गातील तास बुडाला, वाचताना ओळ गळली, किंवा घरच्या माणसावाचून जीव कासावीस झाला, तरी इंग्रज मनुष्य ‘मिस’ या एकाच शब्दावर भागवितो. मराठीत मात्र नेम चुकतो, गाडी हुकते, तास बुडतो, ओळ गळते, संधी निसटते, आणि मायेच्या माणसावाचून करमत नाही. तेव्हा शब्दास शब्द ठेवून हे क्रियापद शिकता येणार नाही. ते वाक्यातच शिकले पाहिजे.

वाक्यरचनेतही मौज आहे. इंग्रजीत गाडी चुकविणारा ‘मी’ असतो. मराठीत ‘माझी गाडी चुकली’ असे म्हणून आपण चुकीचा बोजा खुशाल गाडीवर टाकतो! उशिरा येणाऱ्या विद्यार्थ्यांस ही सोय फार आवडते. परंतु विरहाच्या ठिकाणी मराठीची रचना मला अधिक खरी वाटते. ‘आय मिस यू’ यात मी काहीतरी करितो. ‘मला तुझी आठवण येते’ यात मी काहीच करीत नाही. आठवण न बोलाविता आपण होऊन येते.

आणखी एक साम्य पाहण्याजोगे आहे. माणूस घरात नसले की आपणांस ‘चुकल्याचुकल्यासारखे’ वाटते. म्हणजे नेम चुकण्यापासून विरहापर्यंतची जी वाट इंग्रजी शब्दाने चालली, तीच आपल्या ‘चुकणे’ या शब्दानेही चालली. पवित्र शास्त्रात शास्ते या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात बन्यामीन वंशातील सातशे डावखुऱ्या गोफणदारांचा उल्लेख आहे. त्यांचा नेम केसभरही चुकत नसे. मूळ इब्री भाषेत तेथे जे क्रियापद आहे, तेच अन्यत्र पाप करणे या अर्थी येते. चुकणे ही गोष्ट माणसाच्या किती जवळची आहे, हे यावरून दिसते.

कोणी म्हणेल, भाषा उसनवारीनेच वाढते. मलाही ते मान्य आहे. टेबल, पेन, स्टेशन हे शब्द वस्तूंबरोबर आले व घरचे झाले. ‘मिस्ड कॉल देणे’ ही तर आपलीच करामत. पैसे वाचविण्यासाठी मुद्दाम चुकविलेली ती हाक इंग्रजाच्या स्वप्नातही नव्हती. परंतु आजीची आठवण ही काही आगबोटीने आलेली वस्तू नव्हे. ती येथे होतीच, आणि तिचे शब्दही येथेच होते.

मोल्सवर्थ यांनी आरंभिलेला व थॉमस कँडी यांनी पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली प्रसिद्ध झाला. कँडी हे आपल्या पुण्याच्याच संस्कृत पाठशाळेचे प्रमुख होते. सातासमुद्रांपलीकडून आलेल्या या माणसांनी एकेका इंग्रजी शब्दापुढे मराठी शब्द शोधून मांडण्यात वर्षे घालविली. आणि आपण जन्माने मराठी असून इंग्रजी क्रियापदाच्या शेपटास ‘करणे’ बांधून मोकळे होतो. यात इंग्रजीही नीट येत नाही व मराठीही हातची जाते.

पालकहो, मुलांनी उत्तम इंग्रजी शिकावे ही आपली इच्छा रास्त आहे. मी स्वतः ती भाषा आवडीने वाचतो. परंतु ज्या मुलास घरी ‘करमत नाही’ आणि ‘चुकल्याचुकल्यासारखे वाटते’ यांतील छटा कळते, त्यालाच परभाषेतील छटाही लवकर कळतात, असा माझा वर्गातील अनुभव आहे. म्हणून घरी त्याच्याशी निःसंकोचपणे मराठी बोला.

आणि विद्यार्थिमित्रांनो, चिठ्ठी लिहिताना ती कोण वाचणार हे आधी मनात आणा. इंग्रज मित्रास अवश्य ‘आय मिस यू’ लिहा. आजीला मात्र असे लिहा, की तिला अर्थ विचारण्यासाठी गुरुजींकडे यावे लागू नये.